तिसरं कोष्टक

वर्तमानपत्रात ती चौकट अजून येते. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, आतल्या पानावर, खाली उजवीकडे: उद्यापासून कत्तिरी. कत्तिरी म्हणजे तमिळ पंचांगातले कडक उन्हाचे साडेतीन आठवडे. मजकूर दरवर्षी तोच. ताक प्या, सुती कपडे घाला, दुपारी बाहेर पडू नका. मद्रासच्या एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक, आणि माणसं कमी म्हणून बातमीदारही, असताना बरीच वर्षं ती चौकट मीच तयार केली. मागच्या वर्षीचं कात्रण काढायचं, तारखा बदलायच्या, खाली छपाईला पाठवायचं. ज्यांना दुपारी बाहेर पडावंच लागतं ते इंग्रजी दैनिक वाचत नाहीत, आणि जे वाचतात त्यांच्या डोक्यावर पंखा फिरत असतो, हे तेव्हाही ठाऊक होतं.

सेतुरावांनी एकदा ते कात्रण हातात घेऊन पाहिलं. ते मला 'पेपर' म्हणत, नावानं कधी हाक मारली नाही. "पेपर, उद्या कोणीतरी मोजेल बघा. ही चौकट वाचणारे उन्हानं मरत नाहीत म्हणून निघेल. मग हा चौकटीचा गुण म्हणून लिहितील. मग सरकार गल्लोगल्ली चौकट वाटेल."

मला हसू आलं. ते हसले नाहीत. त्यांचा धंदाच तो होता. ते शहरातल्या एका संशोधन संस्थेत अर्थमितिज्ञ होते. दोन गोष्टी एकत्र दिसल्या की त्यातली एक दुसरीमुळे घडली असं माणूस चटकन म्हणून टाकतो. तसं म्हणायला आधार आहे की नाही, हे तपासायच्या पद्धती शोधण्यात त्यांनी पंचवीस वर्षं घातली होती.

त्या एका कत्तिरीचा वास मला इतर कत्तिरींपासून वेगळा काढता येतो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. ऑक्टोबरचा पाऊस, तिथला मुख्य पाऊस, ओळीनं दोन वर्षं चुकला होता आणि शहराचे तलाव तळापर्यंत भेगाळले होते. उन्हात तापलेल्या प्लास्टिकच्या घागरींचा वास, लॉरीतल्या, म्हणजे टँकरमधल्या, पाण्याला येणारा गंजाचा आणि क्लोरिनचा वास, फुटपाथवर टाकलेल्या ताडगोळ्यांच्या सालींचा आंबूस वास. टी. नगरमधल्या साड्यांच्या दुकानांत गिऱ्हाइकाच्या हातात थंड पेयाची बाटली ठेवत आणि त्याच दुकानांच्या मागच्या बाजूला बायका रंगीत घागरींच्या ओळीत उभ्या असत. आमच्या कचेरीतल्या चारपैकी तीन संडासांना कुलूप होतं. चौथ्याची किल्ली व्यवस्थापकाच्या टेबलाच्या खणात असे. बातम्या लिहिणारी माणसं त्या खणातून किल्ली घेऊन नाकाला रुमाल लावून जात आणि परत येऊन पाणीटंचाईवर संयमी इंग्रजीत लिहीत.

सेतुरावांचा माझा परिचय एका चुकीतून झाला, आणि चूक माझी होती. दोन वर्षांपूर्वी त्यांचा एक निबंध परदेशी नियतकालिकात आला होता. अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीमागच्या गल्ल्या त्यांनी स्वतः पायी फिरून पाहिल्या होत्या आणि प्रत्येक घरात किती मुलं, कितींना जुलाब, किती दिवस हे लिहून घेतलं होतं. त्या वर्षी सरकारी आरोग्य खात्याची एक गाडी गल्लोगल्ली पडदा लावून 'पाणी उकळून प्या' असं सांगणारी भाषणं देत होती. जिथे भाषणं झाली तिथे मुलं कमी आजारी पडली, हे निबंधातलं पहिलं कोष्टक. निबंधाच्या सुरुवातीच्या सारांशातही पहिलं वाक्य तेच होतं. मी तेवढं वाचलं, चार परिच्छेदांची बातमी केली आणि मथळा दिला: भाषणांनी आजार घटले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातलेले एक गृहस्थ, काखेत छत्री, कपाळावर बारीक अंगारा, माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"हे तुम्ही लिहिलेत?"

"हो."

"तिसरं कोष्टक पाहिलेत?"

"नाही."

"बरं. खरं बोललेत," म्हणाले आणि समोरची खुर्ची ओढून बसले. नंतरची चाळीस मिनिटं ते मला तिसरं कोष्टक समजावत होते. मी बातमीदारीत शिकलो त्यापेक्षा त्या चाळीस मिनिटांत जास्त शिकलो.

गोष्ट साधी होती. भाषणाची गाडी मोठी. ती फक्त अशाच गल्लीत जाई जिथे तिला वळायला जागा होती. पाण्याची लॉरीही मोठी. तीही त्याच गल्ल्यांत जाई. म्हणजे ज्यांना भाषण मिळालं त्यांना पाणीही मिळालं. गुण कुणाचा? सेतुरावांनी मग अपवाद शोधले. काही बंद गल्ल्यांत एक परिचारिका पायी जाऊन भाषण देऊन आली होती, लॉरी मात्र कधीच गेली नव्हती. तिथे आजार होता तसाच राहिला. आणि एका बंद गल्लीत भाषण कधीच झालं नव्हतं, पण एका हट्टी ड्रायव्हरनं वर्षभर लॉरी उलटी, मागे मागे घेत आत नेली होती. तिथे आजार निम्म्यावर आला होता. भाषणांचा काही उपयोग नव्हता. उपयोग पाण्याचा होता. पहिलं कोष्टक त्यांनी मांडलं होतं ते मोडून दाखवायला.

"मग सारांशात ते पहिलं का लिहिलंत?" मी विचारलं.

"कारण माणूस आधी चुकेल, मग सुधारेल, असा क्रम असतो म्हणून वाटलं." मग म्हणाले, "लोक पहिल्यावरच उतरून जातात हे ठाऊक नव्हतं, पा."

ते तंजावरकडचे मराठी. त्यांचं घराणं तिकडे गेलं त्याला कितीतरी पिढ्या झाल्या होत्या. कुणी काही बोललं की त्यापुढे 'म्हणून' लावायची त्यांची सवय तमिळमधून आली होती, आणि वाक्याच्या शेवटी 'पा'. माझ्या पुस्तकी मराठीला ते 'रेडिओ' म्हणत. आम्ही छापलेल्या बातमीची दुरुस्ती तिसऱ्या दिवशी आली, शेअर बाजाराच्या पानावर, दोन ओळींत. ती कुणी वाचली असेल असं वाटत नाही. तो मथळा मात्र कापून कुठे कुठे चिकटवला गेला.

त्या कत्तिरीच्या दुसऱ्या दिवशी सेतुरावांचा कचेरीत फोन आला. आवाज नेहमीसारखा सपाट होता. "त्या गल्लीची लॉरी बंद केली. माझा निबंध दाखवून."

त्या गल्लीची म्हणजे उलट्या लॉरीच्या गल्लीची. पाणीपुरवठा बघणाऱ्या खात्याकडे लॉऱ्या कमी होत्या. उलटी लॉरी आत न्यायला अर्धा तास जाई, तेवढ्यात रुंद रस्त्यावर दुसरी खेप होत असे. कुणीतरी टिपण तयार केलं: अभ्यासातून सिद्ध झालं आहे की आरोग्यविषयक भाषणांनी आजार घटतात, तरी सदर गल्लीस लॉरीऐवजी भाषण देण्यात यावे. टिपणाखाली सेतुरावांचं नाव, निबंधाचं नाव, पान क्रमांक. पान पहिल्या कोष्टकाचं. ज्या एका गल्लीनं तिसरं कोष्टक उभं केलं होतं तिचंच पाणी तोडायला पहिलं कोष्टक वापरलं गेलं. 

सेतुरावांनी त्या खात्याला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. दुसरं लिहिलं. मग ते स्वतः गेले, निबंधाच्या प्रती घेऊन, तिसऱ्या कोष्टकाशी कागदाची खूण घालून. अधिकारी अदबीनं उभा राहिला, कॉफी मागवली आणि म्हणाला, "सार, तुमचा निबंध आमच्या इथे सगळ्यांना पाठ आहे."

संशोधन संस्थेत त्यांची किंमत त्या उन्हाळ्यातच चढत होती. संस्थेच्या ग्रंथालयात संदर्भसूचीचे जाडजूड ग्रंथ येत. कुणाच्या लेखाचा उल्लेख जगात कुणी कुठे केला याची ती यादी, इतक्या बारीक अक्षरांत की ग्रंथपालबाई त्यासाठी टेबलावर एक भिंग ठेवीत. संचालकांचा पुढे मागे सरकणारा मोठा देह त्या भिंगावर वाकलेला मी एकदा पाहिला. कपाळावरचा घामाचा थेंब पानावर पडला तो त्यांनी अंगठ्यानं पुसला आणि शाई जराशी फिसकटली.

"काय रावसार! अडीच पानं भरली तुमच्या नावानं. आपल्या अख्ख्या संस्थेला मिळून एवढी सायटेशन नाहीत!"

"सर, ते सगळे पहिल्या कोष्टकाबद्दल आहेत."

"कोष्टक कितवं ते इथे छापत नाहीत." संचालक मनापासून हसले. "आणि अहो, तुम्ही त्यांना विरोध करायला जे पत्र लिहिलंत ना, नियतकालिकात आलेलं? तेही मोजलं जातं. अजून लिहा!"

हे खोटं नव्हतं. त्यांनी तीन ठिकाणी लिहिलं होतं की माझा निबंध उलटा वाचला जात आहे. तिन्ही पत्रं यादीत होती. त्यांना चुकीचं उद्धृत करणारा आणि त्याचं खंडन करणारे ते स्वतः, दोघे एकाच ओळीत, एकाच मापाच्या अक्षरांत. प्राध्यापकपदासाठी त्यांचं नाव त्याच महिन्यात वर जाणार होतं, त्या अडीच पानांच्या बळावर.

पुष्कळ वेळा त्या यादीतले लेख त्यांनी मला दाखवले. नैरोबीहून, मनिलाहून, कुठल्या कुठल्या गावाहून. सगळ्यांत तेच वाक्य थोडं फिरवून. मागून आलेल्यानं पुढच्याचं वाक्य उचललं होतं. एकानं पान क्रमांक चुकवला तर पुढच्या पाचांनी तोच चुकीचा क्रमांक लिहिला, यावरून कुणी कुणाचं उष्टं खाल्लं ते काढता येत होतं. सेतुरावांनी ते काढलंही. कागदावर झाड काढलं, फांद्यांवर नावं लिहिली. मूळ निबंध उघडून पाहिला असेल असा एकही जण त्या झाडावर सापडेना.

शेवटचा उपाय म्हणून त्यांनी कत्तिरीच्या बऱ्याच आधी नियतकालिकाच्या संपादकाला लिहिलं होतं की निबंध मागे घ्या. त्याचं उत्तर कत्तिरीच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. मी तेव्हा आवडी नावाच्या उपनगरात त्यांच्या घरी होतो. रविवार होता. त्यांची पत्नी, रुक्माबाई, तिथल्या संरक्षण कारखान्यात कारकून होत्या आणि घर त्यांच्या नावावर मिळालेलं सरकारी क्वार्टर होतं. सेतुराव तिथून लोकल गाडीनं शहरात जात. वाटेत अंबत्तूर लागे.

पत्र त्यांनी मला वाचायला दिलं. संपादकानं लिहिलं होतं: आम्ही आपला निबंध पुन्हा तपासला. त्यात कोणतीही चूक आढळत नाही. चूक नसलेला निबंध मागे घेण्याची तरतूद आमच्या नियमांत नाही.

रुक्माबाईंनी ताटात दहीभात आणि डांगर पचडी, म्हणजे दह्यात कालवलेलं उडदाचं पीठ, वाढली. म्हणाल्या, "चूक करून ठेवायची होतीत एक. लहानशी. म्हणजे आज कामास आली असती."

"थट्टा नको, अगं."

"थट्टा कोण करतंय? आमच्या कारखान्यात प्रत्येक कागदात मी एक चूक ठेवतें. साहेब ती काढतात, खूश होतात, सही करतात. बिनचुकीचा कागद आठ दिवस पडून राहतो." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही सांगा हो यांना. तुमच्यामुळेंच झालं ना पहिलं?"

मी पचडी खात राहिलो. त्यांचं म्हणणं अचूक होतं.

मी परतताना सेतुरावही गाडीत आले आणि अंबत्तूरला उतरले, मीही उतरलो. गल्ली कारखान्यांच्या मागच्या भिंतीला जाऊन संपत होती. पत्र्याची आणि विटांची घरं, मधून वाहणारं, म्हणजे एरवी वाहणारं, आता काळं पडून वाळलेलं गटार. त्यावर माश्या नव्हत्या. माश्यांनाही ओल लागते. गल्लीच्या तोंडाशी घागरी ओळीनं मांडून ठेवलेल्या होत्या, प्रत्येकीवर रंगानं खूण. लॉरी बंद होऊन तेरा दिवस झाले होते तरी ओळ कुणी मोडली नव्हती. मोडली तर नंबर जाईल.

सेल्वी ओळीशी उभी होती. ती नट-बोल्टच्या कारखान्यात पेट्या भरायचं काम करी आणि गल्लीतल्या ओळीचा कारभार तिच्याकडे होता. दोन वर्षांपूर्वी सेतुरावांना घरोघर नेऊन तिनंच प्रत्येक बाईला बोलतं केलं होतं. तिनं त्यांना ओळखलं. नमस्कार केला नाही.

"सार, आम्ही तुम्हाला खरं सांगितलं होतं ना?"

"हो."

"पोरं बरी आहेत म्हणून सांगितलं. जुलाब कमी झाले म्हणून सांगितलं. लाजेची गोष्टसुद्धा लपवली नाही. मग पाणी का गेलं?"

सेतुराव तिला तमिळमध्ये समजावू लागले. कोष्टक, गाडी, तुलना. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आम्ही बरे झालो हे तुम्ही लिहिलंत, आणि ते म्हणाले, बरे झाले तर पाणी कशाला?"

"तसं नव्हे..."

"तसंच आहे, सार." तिनं मागे पाहून हाक दिली, "अगं ए मारी, विचारायला आलेत बघ पुन्हा! बरी आहेस म्हणून सांगू नकोस हं!" दोन दारांतून हसण्याचा आवाज आला. त्या हसण्यात आम्हा दोघांना जागा नव्हती.

त्या आठवड्यात मी गल्लीवर एक बातमी दिली. ती आली, आतल्या पानावर का होईना, छायाचित्रासकट. रिकाम्या घागरींची ओळ छायाचित्रात चांगली दिसते, म्हणून आली. खात्याची थोडी अडचण झाली आणि त्यांनी जे अशा वेळी करतात ते केलं: तातडीची पाहणी नेमली. लॉरी बंद झाल्यावर गल्लीत आजार वाढला का? वाढला असेल तर लॉरी सुरू, नसेल तर प्रकरण बंद. अहवालावर तज्ज्ञाचं मत हवं होतं. अर्थात ज्याच्या नावाला अडीच पानं होती त्याचं.

अहवाल त्यांच्या हातात पडला त्या दुपारी मी संस्थेत होतो. वीज गेली होती. सायक्लोस्टाइल केलेल्या कागदांना शाईचा गोडसर, मळमळायला लावणारा वास येत होता. सेतुरावांनी पहिली दोन पानं वाचली आणि थांबले.

"पेपर, हे बघा." त्यांनी बोट ठेवलं. "सेतुमाधवरावांच्या तिसऱ्या कोष्टकानुसार, आजार कमी होण्याचे कारण पाणी होते, भाषणे नव्हेत." दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिसरं कोष्टक वाचलं होतं. पहिल्यांदा कुणीतरी बरोबर लिहिलं होतं. ते वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते सुख होतं, त्याला दुसरं नाव नाही.

मग त्यांनी पुढची पानं उघडली. तिथे घरवार आकडे होते. वाचता वाचता त्यांचं बोट एका ओळीवर अडलं.

"हे मारियम्माचं, त्या मारीचं, घर. गल्लीच्या टोकाचं. म्हातारी एकटी राहते. तिची दोन मुलं आजारी म्हणून लिहिलंय." बोट खाली सरकलं. "इथे चार. या घरात एकच पोर आहे, मी स्वतः पाहिलंय. प्रत्येक घर. प्रत्येक मूल. रोज."

पाहणी करायला आलेल्यांना गल्लीनं ठरवून खोटं सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गल्लीत गेले, मला बरोबर घेऊन. सेल्वीनं काही लपवलं नाही. "हो, सांगितलं. मारी तर म्हणाली मला दोन सांगायचीत, कमी नको, माझीही इभ्रत आहे." मग हसणं आवरून ती म्हणाली, "सार, खरं सांगितलं असतं तर काय निघालं असतं ठाऊक आहे? पोरं बरी आहेत. मागच्यासारखीच."

"लॉरीशिवाय?"

"लॉरीशिवाय कशी राहतील? आम्ही पहाटे उठून वसाहतीपलीकडच्या कारखान्याच्या नळावर जातो. पायी. जाताना रिकाम्या, येताना भरलेल्या. तीन खेपा. मग कामाला. माझ्या मानेत बघा काय झालंय. पण त्यांच्या कागदावर मान नव्हती. मुलांचं पोट होतं फक्त."

 परतताना गाडीत सेतुराव म्हणाले, "माझ्याही कागदावर नव्हती." एवढंच.

प्रश्न त्यांच्यापुढे होता तो असा. अहवालाचे आकडे खोटे आहेत असं लिहावं तर ते खरं होतं, आणि लॉरी कायमची जात होती. पुन्हा पाहणी मागावी तर खरे आकडे येणार, खरे आकडे आले की आजार वाढला नाही असं निघणार आणि लॉरी जाणारच. मानेचा रकाना घालून नवा अभ्यास करायचा तर एक वर्ष, आणि एक वर्ष बायका चालणार. आणि आकड्यांना योग्य म्हणावं तर ज्या एका गोष्टीसाठी आयुष्य घातलं ती पुसायची. खोट्या मोजणीतून निघालेला खरा निष्कर्ष. तिसरं कोष्टक बरोबर उद्धृत करणारा एकमेव कागद.

त्यांनी अहवाल चार दिवस ठेवला. त्या चार दिवसांत मी त्यांना तीन वेळा भेटलो.  ते सारखे हात धुवायला उठत होते. पाणी नव्हतं म्हणून ओल्या फडक्याला पुसत होते. ज्या दिवशी सही केली त्या दिवशी मी समोर होतो. मताच्या रकान्यात त्यांनी चार शब्द लिहिले: पद्धत योग्य, निष्कर्ष ग्राह्य. अक्षर नेहमीसारखं सुबक. टोपण लावून पेन खिशाला अडकवलं आणि म्हणाले, "आता मीही वाचल्याशिवाय सही करणाऱ्यांत." वास्तविक त्यांनी त्या अहवालाचा शब्द न् शब्द वाचला होता. त्यांची शिसारी नेमकी तीच होती.

मी बातमीदार होतो. आकडे बनावट आहेत हे मला ठाऊक होतं, कुणी बनवले आणि कुणी पास केले तेही ठाऊक होतं. ते मी छापलं नाही. तीन ओळी दिल्या: अंबत्तूरच्या गल्लीत लॉरी पूर्ववत. एकही शब्द खोटा नव्हता. धंद्यातल्या माणसाला स्वतःची किळस कधी येते असं कुणी विचारलं तर उत्तर मी या तीन ओळींनी देईन. चुकीचा मथळा दिला तेव्हा इतकी आली नव्हती.

लॉरी आली ती कत्तिरी संपायला तीन दिवस असताना. ड्रायव्हर नवा होता. त्याला मागचं नीट दिसत नव्हतं, तो शिव्या देत होता. सेल्वी लॉरीच्या पत्र्यावर तळहातानं थापा मारत मागे मागे चालत होती, "वा, वा, वा... निल्लु!" म्हणजे ये, ये, थांब. भिंतीपासून वीतभर अंतरावर लॉरी उभी राहिली. पाइप सुटला. तापलेल्या जमिनीवर सांडलेल्या पाण्याची वाफ आणि तिच्याबरोबर गटाराचा भिजलेला वास वर आला. घागरी सरकू लागल्या. मारियम्मा ओळ मोडून पुढे घुसली आणि कुणी काही बोललं नाही, कारण तिच्या दोन मुलांची शपथ सगळ्यांनी खाल्लेली होती.

संस्थेत त्याच दिवशी सेतुरावांच्या गळ्यात जरीची शाल पडणार होती, प्राध्यापकपदाची. समारंभ दुपारी चारला. ते तिकडे जायच्या आधी इथे आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. सेल्वीनं त्यांना पितळी पेल्यात पाणी आणून दिलं. पाण्यात गंजाचा तांबूस तवंग होता. त्यांनी पेला ओठांना न लावता, वरून, सगळा प्यायला.

"सार," पदरानं मान पुसत तिनं विचारलं, "पुढच्या वर्षी पुन्हा आले विचारायला तर किती सांगायचे?"

मला वाटलं ते रागावतील. निदान गप्प राहतील. त्यांनी पेला परत दिला आणि गल्लीकडे पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दाराला दार जोडत, जसं पहिल्या दिवशी मोजणी करताना पाहिलं असेल.

"सगळ्या घरांत नको," ते म्हणाले. "सगळीकडे एकच आलं की कोणालाही संशय येतो. तीन घरांआड एक सोडा. मुलांची वयं वेगवेगळी ठेवा. काही घरांनी दोन दिवस म्हणावं, काहींनी पाच." जरा विचार करून त्यांनी भर घातली, "आणि मारियम्माला सांग, तिनं कोणी नाही म्हणूनच सांगावं. एखादं घर निरोगी लागतं."

सेल्वीनं मान डोलावली आणि तिथल्या तिथे, बोट रोखून, दारं मोजायला सुरुवात केली.